ज्वालामुखीची माती: यंत्रावर चढायच्या आधीच तिची ताकद कुठे जाते?

इशिकारीकाठ

मागच्या आठवड्यात पायाभरणीच्या धाग्यावर मुरूमवाला काकांनी मला विचारलं होतं, "तिकडे जपानात मातीची शिअर, म्हणजे सरकायला विरोध करणारी ताकद, काढताना आमच्यापेक्षा वेगळं काय करता?" तिथे चार ओळी लिहिल्या, पण समाधान झालं नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी होक्काइडो बेटावर, साप्पोरोत एका माती प्रयोगशाळेत काम करते. शहराच्या दक्षिणेला शिकोत्सु नावाचं खोल, निळंशार सरोवर आहे. चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका अतिप्रचंड उद्रेकात जमीन खचली, त्या खड्ड्यात ते साठलं. त्या वेळी वाहत आलेली राख आणि प्युमिस आजही शहराच्या दक्षिण भागाखाली आहे. पुढे एनिवा आणि तारुमाए ह्या दोन ज्वालामुखींनी त्यावर आणखी थर पसरले. इथे रस्ता करा, घर बांधा नाहीतर भराव घाला, हात ह्याच मातीला लागतो.

प्युमिस म्हणजे पाय घासायचा तो भोकाभोकांचा दगड. त्याचे वाटाण्याएवढे, ज्वारीएवढे, रव्याएवढे कण डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कण म्हणजे गोठलेला काचेचा फेस. आत लाखो पोकळ्या, काही बाहेर उघडणाऱ्या, काही कायमच्या बंद. कोरडा तुकडा पाण्यावर तरंगतो. कॉलेजात आपण शिकलो ते सगळं नदीच्या वाळूवर बेतलेलं: कण घट्ट, पोकळी फक्त दोन कणांच्या मध्ये, आणि दाब दिला की कण सरकतात, स्वतः टिकून राहतात. इथे कणच फुटतो. क्वार्ट्झच्या वाळूचे कण मोठ्या प्रमाणावर फुटायला काही हजार किलोपास्कल दाब लागतो. प्युमिसचे कण शंभर किलोपास्कलच्या आतही फुटायला लागतात. शंभर किलोपास्कल म्हणजे पाच-सहा मीटर भरावाच्या तळाशी असतो तेवढा दाब.

त्यामुळे ट्रायअॅक्सियलमध्ये, म्हणजे नमुना सेलमध्ये चहूबाजूंनी दाबून वरून भार देतात त्या चाचणीत, ही माती चकवते. कमी दाबावर फ्रिक्शन अँगल (कणांच्या घर्षणाची ताकद सांगणारा कोन) चाळीस अंशांच्या वर येतो, बघणारा खूश होतो. सेलचा दाब वाढवत गेलं की कोन उतरतो, कारण कण एकमेकांवर चढून जाण्याऐवजी चुरा होऊन खाली बसतात. दाट ठोकलेली नदीची वाळू शिअर होताना फुगते. दाट ठोकलेलं प्युमिस आकसतं. फेल्युअर एन्व्हलप (कोणत्या दाबाला माती किती ताणावर तुटते तो आलेख) सरळ रेषेत येत नाही, वाकतो. तीन नमुने घेऊन पट्टीने रेषा मारली आणि सी व फाय (चिकटून राहण्याची ताकद आणि घर्षणाचा कोन) लिहून मोकळे झालो, तर तो आकडा नेमक्या कोणत्या खोलीसाठी खरा आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर माती चाळतो. बारीक कण किती टक्क्यांनी वाढले ते लिहितो. ताकद, आकुंचन आणि हा चुरा, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले तरच ही माती थोडीफार कळते. होक्काइडो विद्यापीठात सेइइची मिउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या फुटणाऱ्या कणांवर वर्षानुवर्षं काम केलं, आमच्या रोजच्या सवयी तिथूनच आल्या.

पण माझं मूळ म्हणणं ह्याच्या एक पायरी मागचं आहे. नमुना यंत्रापर्यंत पोचतो तेव्हा बऱ्याचदा तो जमिनीतली माती राहिलेलाच नसतो. पातळ नळी ठोकून काढला, तर नळीच्या कडेचे कण तिथेच चुरतात. ट्रकच्या हादऱ्यांनी हजारो वर्षांत जुळलेले बंध सुटतात. मग आपण कितीही महागड्या यंत्रावर चढवलं तरी मोजतो ते आपणच केलेल्या भुग्याचं. आमच्याकडे शक्य तिथे खड्डा खणून, हाताने, सुरीने कापून ठोकळा काढतात. एका ठोकळ्याला अर्धा दिवस जातो. मला तो अर्धा दिवस नंतरच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

तुमच्याकडचे अनुभव वाचायला आवडतील.

मुरूमवाला

ताई, माझ्या प्रश्नाची एवढी दखल घेतलीत, आभार.

माझी पुण्यात लॅब आहे, सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे नमुना पोत्यात येतो. पोत्यावर खडूने चेनेज (रस्त्यावरचं अंतर) लिहिलेलं, तेही अर्धं पुसलेलं. अनडिस्टर्ब्ड, म्हणजे न विस्कटलेलं सॅम्पल मागितलं की साईटवरून फोन येतो, "काका, रिपोर्ट शुक्रवारी पाहिजे." मग रिमोल्ड करून, म्हणजे माती मोडून पुन्हा साच्यात भरून, बॉक्स शिअर, ती दोन भागांच्या पेटीत माती सरकवून बघायची साधी चाचणी. हे मी अभिमानाने सांगत नाहीये. पण काळी माती, मुरूम, भरावाची माती ह्यांच्यासाठी बरंचसं काम ह्यावर निभावतं. भराव तर आपण मोडून, ठोकूनच घालणार असतो.

एक शंका. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (कण पाण्याच्या किती पट जड ते) कशी काढता? बंद पोकळ्यांत पाणी शिरत नसेल तर पिक्नोमीटरचा (पाणी भरून कणांचं आकारमान मोजायच्या बाटलीचा) आकडा खोटा येणार. आणि तो खोटा आला की व्हॉइड रेशोपासून (पोकळी आणि कण ह्यांच्या प्रमाणापासून) पुढचं सगळंच खोटं.

इशिकारीकाठ

काका, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आख्खे कण घातले तर एक आकडा येतो, कुटून घातले तर मोठा येतो. दोन्ही आपापल्या जागी खरे. कुटलेल्या मातीचा आकडा काचेचा असतो, आख्ख्या कणांचा आकडा काच अधिक बंद हवा असा. व्हॅक्यूम लावून उकळलं तरी बंद पोकळी बंदच. आम्ही अहवालात कोणती पद्धत ते लिहितो, आणि व्हॉइड रेशोची तुलना एकाच पद्धतीच्या आकड्यांमध्ये करतो. कणाच्या आतली पोकळी आणि कणांमधली पोकळी वेगळी धरल्याशिवाय 'ही माती सैल आहे' म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही.

भरावाबद्दल तुमचं म्हणणं पटतं. फक्त रोलर फिरला की कण फुटतात, म्हणजे भरावात जाणारी माती खाणीतल्या मातीपेक्षा बारीक असते. लॅबमध्ये प्रॉक्टर चाचणीला (कोणत्या ओलाव्याला माती सर्वात घट्ट ठोकली जाते ते बघताना) तोच नमुना पुन्हा पुन्हा ठोकला तर प्रत्येक फेरीला नवी माती तयार होते. म्हणून दर बिंदूला ताजी माती घ्यायची.

ऋता_जो

नमस्कार, मी एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी सच्छिद्र कणांच्या मातीवर सीयू ट्रायअॅक्सियल (आधी दाबून, मग पाणी बाहेर न सोडता नमुना तोडायची चाचणी) करतेय. बी व्हॅल्यू (नमुना पाण्याने किती भरला ते सांगणारा आकडा, पूर्ण भरला तर १) ०.८ च्या पुढे सरकतच नाही. दोन दिवस बॅक प्रेशर (नमुन्यातल्या पाण्याला दिलेला दाब) वाढवून बघितलं. सर म्हणतात, तशीच चाचणी करून टाक. काय करू?

इशिकारीकाठ

ऋता, तशी करू नकोस. पोअर प्रेशर (पोकळीतल्या पाण्याचा दाब) मोजणं हाच सीयूचा प्राण आहे आणि नमुन्यात हवा राहिली तर ती दाब स्वतः गिळते. तुझा आकडा मातीला आहे त्यापेक्षा धीट दाखवेल.

क्रम असा ठेव. पाणी सोडायच्या आधी नमुन्यातून खालून वर, अगदी हळू, कार्बन डायऑक्साइड जाऊ दे. तो हवेला ढकलून तिची जागा घेतो आणि पाण्यात सहज विरघळतो. मग उकळून किंवा व्हॅक्यूमने हवा काढलेलं पाणी खालून सोड, घाई न करता. त्यानंतर बॅक प्रेशर पायऱ्या-पायऱ्यांनी २०० किलोपास्कलपर्यंत, लागलं तर त्याच्याही वर, पण प्रत्येक पायरीला सेल प्रेशर सोबत वाढव, नाहीतर कण तिथेच फुटतील. आणि रात्रभर सोडून दे. पोकळीतल्या हवेला विरघळायला वेळ लागतो. ०.९५ गाठल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

मेम्ब्रेनकडेही (नमुन्यावरच्या रबरी पिशवीकडे) बघ. खरखरीत कणांच्या खाचांत मेम्ब्रेन आत-बाहेर होतो आणि व्हॉल्यूमचा आकडा बिघडतो. ठोकळ्यातून कापलेल्या नमुन्याच्या कडेला खळगे पडले असतील तर त्याच मातीच्या भुकटीने हलकेच बुजव.

भूपृष्ठ

धागा उत्तम आहे, पण भूशास्त्राचा माणूस म्हणून एक रेघ ठळक ओढतो. शीर्षक वाचून कुणी आपली काळी माती म्हणजे ज्वालामुखीची राख असं समजेल. दख्खनचा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. तो वाहत आला आणि थिजला. जपान किंवा इटलीत राख-प्युमिस आकाशातून पडलं, तसं आपल्याकडे जवळजवळ नाही. काळी माती ही बेसॉल्ट कुजून झालेली, तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज. पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यासाठी लागतात फ्री स्वेल आणि स्वेलिंग प्रेशर (ती किती फुगते आणि फुगताना किती जोर लावते) ह्या चाचण्या. त्यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या चिकणमातीच्या थराचा उपाय दिला, कालव्यांच्या कामात तो वापरला गेला.

राखेतून येणारी खनिजं निराळी, अॅलोफेन आणि हॅलोयसाइट. अॅलोफेनच्या मातीत कोरड्या वजनाच्या दीडपट पाणी असूनही ती हातात टणक वाटते. दोन्हींना 'ज्वालामुखीची माती' म्हटलं तर एकीचे नियम दुसरीला लावले जातील.

मुरूमवाला

भूपृष्ठ साहेब, पटलं. पण हॅलोयसाइटचा ओव्हनशी काही संबंध आहे ना? कुठेतरी ऐकलंय.

भूपृष्ठ

आहे. हॅलोयसाइटच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचा एक थर अडकलेला असतो. पन्नास-साठ अंशांतच तो निघू लागतो आणि परत जात नाही. आपण १०५ ला ठेवतो आणि ते सगळं 'वॉटर कंटेंट' म्हणून लिहितो. ते पाणी खनिजाच्या अंगचं, पोकळीतलं नव्हे.

अॅलोफेनचं त्याहून अवघड. एकदा पूर्ण वाळवलं की बारीक कण चिकटून गाठी होतात, नंतर कितीही भिजवा, सुटत नाहीत. ओल्या अवस्थेत लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेवढा ओलावा) शंभराच्या वर देणारी माती वाळवल्यावर वाळूसारखी वागते, हातावर तिची बारीक वळीच वळत नाही. एकच माती, दोन अहवाल, दोन वर्ग.

ह्यावरून केनियातलं सासुमुआ धरण आठवलं. नैरोबीला पाणी देणारं. तिथल्या लाल चिकणमातीचे आकडे बघून अभियंते चक्रावले होते: इतका जास्त लिक्विड लिमिट, आणि तरी बांध मजबूत, पाणी सहज झिरपून निघतं. मातीच्या यांत्रिकीचे जनक मानले जाणारे कार्ल तेर्झागी ह्यांनी १९५८ साली त्यावर लिहिलं. उत्तर असं निघालं की हॅलोयसाइटचे कण घट्ट, सच्छिद्र गुठळ्या करून राहतात. जमिनीत माती गुठळ्यांसारखी वागते, चाचणीत आपण गुठळ्या मोडतो आणि मोडलेल्या मातीचा आकडा देतो. तिथे माती आकड्यापेक्षा चांगली निघाली. नेहमी तसं होत नाही.

इशिकारीकाठ

नेहमी तसं होत नाही, ह्याबद्दल लिहायचं होतंच.

६ सप्टेंबर २०१८. पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी घर हललं. काही वेळात वीज गेली आणि सगळं होक्काइडो अंधारात बुडालं. रेडिओवर आधी विजेच्याच बातम्या. उजाडल्यावर हेलिकॉप्टरमधून अत्सुमा गाव दिसलं. टेकड्यांमागून टेकड्या, प्रत्येकीची हिरवी साल निघालेली, खाली तपकिरी-पिवळं अंग उघडं. हजारो दरडी एकाच वेळी. त्या एका गावात ३६ माणसं गेली, बहुतेक झोपेत.

उतार फार तीव्र नव्हते. म्हणून जास्त जिव्हारी लागलं. खाली तारुमाएने सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी टाकलेला प्युमिसचा थर होता. त्याच्या तळाचा भाग कुजून हॅलोयसाइटची मऊ माती झाली होती. ती माती मी नंतर हातात घेतली. ठोकळा हातात धरला तर उभा राहतो, कापता येतो. दोन बोटांत चिरडला की बोटांमधून पाणी निथळतं आणि उरतो नुसता लगदा. नऊ हजार वर्षं वरची माती आणि जंगल ह्या थराने पेललं. हादरे बसले, बंध तुटले, कणांतलं पाणी बाहेर आलं आणि वरचा थर त्या लगद्यावरून घसरत गेला.

२०१६ च्या एप्रिलमधल्या भूकंपात क्युशू बेटावर, आसो ज्वालामुखीच्या परिसरातही हेच झालं होतं. तिथेही प्युमिसचा थर, तिथेही हॅलोयसाइट.

त्याच २०१८ च्या भूकंपात साप्पोरोच्या कियोता भागात सातोझुका नावाची वस्ती खचली. टेकड्या कापून निघालेली ज्वालामुखीची माती जुन्या ओढ्याच्या खोऱ्यात भरून ती वसवली होती. भरावात पाणी, भूकंपात माती पातळ झाली आणि जमिनीखालून उताराकडे वाहून गेली. रस्ते, घरं वाकडी झाली, काही ठिकाणी जमीन दोन मीटरपेक्षा जास्त खाली गेली. काका, तुम्ही म्हणालात तसा भराव मोडून, ठोकूनच घातलेला असतो. पण तो भिजलेला असताना किती फेऱ्यांचा हादरा सोसेल हे बॉक्स शिअर सांगत नाही. त्यासाठी सायक्लिक ट्रायअॅक्सियल, भार पुन्हा पुन्हा उलटसुलट देणारी. आमच्याकडे वीस फेऱ्यांत नमुन्याची लांबी वर-खाली मिळून ५ टक्के बदलेल असा ताण शोधतात. तो ठोकळ्यातून कापलेल्या नमुन्याला एक येतो आणि तीच माती मोडून, त्याच घनतेला पुन्हा भरली तर कमी येतो. जुने बंध गेलेले असतात.

वाईकातोचा_पाहुणा

न्यूझीलंडमधून. इथे वाईकातो नदीने वाहून आणलेली प्युमिसची वाळू आहे आणि जागेवरच्या चाचण्यांचा आमचा अनुभव सांगतो. तुम्ही म्हणाल, नमुना बिघडतो ना, मग कोन, म्हणजे शंकूच्या टोकाची सळई, जमिनीत घाला आणि तिथेच मोजा. कोन-पेनिट्रेशन घातला तर प्युमिसच्या सैल वाळूत आणि दाट वाळूत टोकाचा रोध जवळजवळ सारखाच येतो. कोनापुढचे कण फुटून जातात, घनतेचा फरक दिसतच नाही. क्वार्ट्झच्या वाळूवर बसवलेली सूत्रं लावली तर सगळी जमीन सैल ठरते. त्यामुळे एकतर विनाकारण महागडा पाया, नाहीतर चुकीचा विश्वास.

आम्ही जमिनीतला शिअर-वेव्हचा (माती आडवी हलवत जाणाऱ्या लहरीचा) वेग मोजतो. लहर इतकी हलकी असते की कण फुटत नाहीत.

इशिकारीकाठ

हो! आणि तोच वेग लॅबमधल्या नमुन्यावरही मोजायचा. जमिनीतला वेग आणि नमुन्यातला वेग सारखा आला तर ठोकळा बराचसा जिवंत पोचला. लॅबमध्ये कमी आला तर वाटेत काहीतरी तुटलं. नमुन्याची प्रकृती तपासायची ह्याहून सोपी खूण मला माहीत नाही. ऋता, तुमच्याकडे बेंडर एलिमेंट (नमुन्यातून लहर सोडून तिचा वेग मोजायची पट्टी) असेल तर नक्की करून बघ.

आंबेगावकर

मी अभियंता नाही. शिक्षक आहे, तालुका आंबेगाव. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव दरडीखाली गेलं तेव्हा पाऊस आणि चिखलात आम्ही दोन दिवस तिथे होतो. दीडशेवर माणसं गेली. नंतर तळिये, मग इरशाळवाडी. प्रत्येक वेळी टीव्हीवर कुणीतरी म्हणतं, मातीचं परीक्षण व्हायला हवं होतं. तुमचा धागा सगळा वाचला, जेवढा कळला तेवढा. एकच विचारतो. परीक्षण केलं असतं तर आधी कळलं असतं का?

इशिकारीकाठ

सर, ह्या प्रश्नाला पोकळ उत्तर देणार नाही.

एका नमुन्याच्या चाचणीने 'अमुक रात्री हा डोंगर येईल' असं कळत नाही. चाचणी सांगते ती माती किती पाण्यापर्यंत तग धरेल. इटलीत नेपल्सजवळ सार्नो आणि आसपासच्या गावांवर ५ मे १९९८ ला डोंगरावरची व्हेसुव्हियसची राख-प्युमिस चिखल होऊन आली, सुमारे १६० माणसं गेली. ती माती इतक्या उभ्या उतारावर शतकानुशतकं टिकली होती, कारण ती पूर्ण भिजलेली नव्हती. अर्धवट ओल्या मातीत पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो तो त्याच ओढीवर. पाऊस मुरत गेला की ओढ कमी होते, शेवटी शून्यावर येते. सार्नोनंतर तिथल्या संशोधकांनी ही ओढ प्रयोगशाळेत मोजली आणि डोंगरावर यंत्रं पुरून वर्षभर मोजत राहिले. दोन्ही जोडले की कोणत्या उतारावर किती पाऊस मुरला की माणसं हलवायची, ह्याला काहीतरी आधार मिळतो.

सह्याद्रीतली माती राखेची नाही, हे भूपृष्ठ सरांनी सांगितलंच. खाली कातळ, वर कुजलेला बेसॉल्ट आणि माती, मध्ये पाणी अडतं. पण ओलाव्याची ओढ तिथेही तशीच काम करते. म्हणजे माझं उत्तर असं: फक्त पोत्यातल्या मातीच्या परीक्षणाने नाही. उतारावरून नीट काढलेले नमुने, भिजवत भिजवत केलेली चाचणी आणि डोंगरावर पावसाळाभर मोजलेलं पाणी, हे तिन्ही झालं असतं तर सांगण्यासारखं काही हाती आलं असतं.

आंबेगावकर

कळलं. सरळ सांगितलंत, बरं वाटलं. शाळेच्या वर जो उतार आहे त्यावर पाणी कुठे मुरतं ते मुलांना आणि मला दोघांनाही माहीत आहे. ते लिहून ठेवायला सुरुवात करतो. कुणाला उपयोग होईल तेव्हा देईन.

भूपृष्ठ

सर, जरूर करा. तारीख, पाऊस आणि झरा कुठे फुटला एवढंच लिहिलं तरी पुरे. भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि मधलं अंतर मोजत राहा. अंतर वाढायला लागलं तर मात्र लिहीत बसू नका, मुलांना घेऊन खाली या आणि तहसीलदारांना कळवा.

ऋता_जो

इशिकारीकाठ ताई, कार्बन डायऑक्साइड आणि रात्रभर थांबणं दोन्ही केलं. आज सकाळी बी ०.९६! सरांना दाखवलं. चाचणी लावलीये. संपली की चाळून चुरा किती वाढला ते इथे लिहिते.

मुरूमवाला

महाबळेश्वरकडच्या एका कामाची लाल माती आली होती. नेहमीसारखी पसरून वाळत घालणार होतो, तेवढ्यात हा धागा आठवला. अर्धी माती ओलीच प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली, अर्धी वाळवली. दोन्हींचा लिक्विड लिमिट त्याच माणसाने, त्याच कॅसाग्रांडे यंत्रावर काढला. वाळवलेल्याचा कमी आला, नजरेत भरेल इतका. पुन्हा करून बघितला, तसाच.

सव्वीस वर्षांत किती लाल मातीचे अहवाल मी वाळवून दिले असतील, ते दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. पार्टीला फोन करून सांगितलं की अहवालात दोन्ही आकडे देतोय आणि का ते लिहितोय. त्यांनी विचारलं, उशीर किती? म्हटलं, सोमवार. आणि साईटवर स्वतः जातोय, ठोकळा कापून आणायला. ताई, ठोकळा आणताना मेण लावून गुंडाळता की ओल्या कापडात? आज रात्रीत सांगितलंत तर बरं, सकाळी सहाला निघतोय.

इशिकारीकाठ

काका, आधी पातळ प्लास्टिक घट्ट, त्यावर मलमलचं कापड, त्यावर वितळलेलं मेण ब्रशने दोन-तीन हात. मेण फार गरम नको, थेट मातीला लागू देऊ नका. वरची बाजू कोणती त्याची खूण करा. लाकडी खोक्यात भुसा घालून बसवा आणि गाडीत मागे ठेवू नका, पुढे मांडीवर घेऊन या.